वाचक विचारतात : ‘टायटन’ आणि आपण

ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ‘टायटन’ या पाणबुडीच्या अपघाताचा अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे अपघाताच्या कारणांपेक्षा, त्या चार दिवसांत आपण सगळे कसे वागलो आणि काय बोललो, याबद्दलची आहेत. ज्यांना तपशील आठवत नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, १८ जून २०२३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात सुमारे ३,८०० मीटर खोलीवर पडलेले ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहण्यासाठी पाच जण ‘टायटन’मधून खाली गेले आणि पावणेदोन तासांत तिचा जहाजाशी संपर्क तुटला. त्यात ‘टायटन’ चालवणाऱ्या ‘ओशनगेट’ कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश, ब्रिटिश उद्योजक हेमिश हार्डिंग, फ्रेंच पाणबुडे पॉल-आंरी नार्जोले आणि पाकिस्तानी वंशाचे उद्योगपती शहजादा दाऊद व त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा सुलेमान होते. २२ जूनला तळाशी पाणबुडीचे तुकडे सापडले. निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

‘टायटन’ बेपत्ता असताना आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘शुभ सकाळ’च्या फुलांइतकेच विनोद येत होते. व्हिडिओ गेमच्या रिमोटवर चालणाऱ्या डब्यात बसायला दोन कोटी मोजले तर दुसरे काय होणार, असा सगळ्यांचा सूर होता. मी ‘माणसे अजून आत आहेत’ एवढेच लिहिले, तर माझ्या नातवाने मला घरी येऊन समजावले की श्रीमंतांच्या हौसेवर हसणे हा काही गुन्हा नव्हे. त्याचे बरोबर की माझे? (निवृत्त शिक्षिका, दादर)

श्रीमंतांच्या हौसेवर हसण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे आणि ती मोडावी असे आम्हांलाही वाटत नाही. हौसेला मोल नसते हे खरे असले, तरी एका फेरीचे अडीच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन कोटींहून अधिक रुपये, हा आकडा ज्याचा महिना पासाच्या पैशांत आणि घरभाड्यात संपतो त्याला बोचणारच. त्या बोचण्यातून जे विनोद झाले त्यांच्यामागचा राग खोटा नव्हता. तुमच्या नातवाच्या म्हणण्यात एवढे तथ्य आहे.

परंतु ते विनोद नेमके कशावर झाले ते पाहा. सर्वाधिक हसू झाले ते रिमोटचे. वास्तविक अमेरिकन नौदलाच्या काही आधुनिक पाणबुड्यांवरही बाहेरचे पाहण्याचे यंत्र फिरवायला अशाच प्रकारचा गेम कंट्रोलर वापरतात, कारण तो स्वस्त असतो, हातात नीट बसतो आणि नव्या खलाशाला तो शिकवावा लागत नाही. ‘टायटन’ फुटली तिच्याशी रिमोटचा काही संबंध नव्हता. दोष होता तिच्या मुख्य सांगाड्यात. इतक्या खोलीवर माणसे नेणाऱ्या पाणबुड्यांत माणसांची कुपी सहसा टायटॅनियमसारख्या धातूच्या गोलाची असते. येथे कार्बन फायबरचे थर गुंडाळून केलेले लांबट नळकांडे होते आणि त्याच्या दोन्ही तोंडांना टायटॅनियमचे घुमट बसवलेले होते. ताण सहन करण्यात हे द्रव्य उत्तम असले तरी चहूबाजूंनी येणारा दाब पुन:पुन्हा सोसण्याच्या बाबतीत त्याचा भरवसा कोणी दिलेला नव्हता. जुलै २०२२मधल्या एका फेरीत वर येताना मोठा आवाज झाला, सांगाड्यावरच्या मापकांच्या नोंदी त्यानंतर बदलल्या, आणि तरीही ती पाणबुडी कॅनडाच्या हिवाळ्यात उघड्यावर ठेवून पुढच्या वर्षी पुन्हा पाण्यात उतरवली गेली. हसणाऱ्यांना यातले काही ठाऊक नव्हते, त्यामुळे ज्याच्यावर बोट ठेवायला हवे होते तो मालक आणि त्याच्या शब्दावर विसंबून आत बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा एकाच विनोदात कोंबले गेले.

आणखी एक गोष्ट त्या मुलाबाबत. त्याच्या एका नातेवाईक बाईंनी माध्यमांना सांगितले की तो जायला घाबरत होता, केवळ वडिलांच्या इच्छेखातर गेला. हे वाक्य जगभर फिरले आणि बापाला शिव्या देण्याची चढाओढ लागली. पुढे आईने सांगितले की ती जागा मुळात तिची होती, मुलाला फार जायचे होते म्हणून तिने ती त्याला दिली, आणि तो सोबत रुबिक क्यूब घेऊन गेला होता, कारण समुद्राच्या तळाशी तो सोडवण्याचा विक्रम त्याला करायचा होता. आईचे हे बोलणे पहिल्या वाक्याच्या निम्म्या लोकांपर्यंतही पोहोचले असेल असे वाटत नाही.

मेलेल्याला दोष देण्याची घाई आपल्याला केवळ श्रीमंतांच्या बाबतीत होते असेही नाही. त्याच महिन्यात बिपरजॉय वादळाने समुद्र खवळलेला असताना जुहूला काही अल्पवयीन मुले बुडाली, तेव्हाही ‘अतिउत्साह नडला’ हेच पहिले वाक्य होते. तुम्ही ग्रुपवर लिहिलेले ते एक वाक्य योग्य वेळी लिहिलेले होते. नातवाला मात्र ग्रुपवर नव्हे, जेवायला बसताना सांगा.

‘टायटन’च्या चारच दिवस आधी ग्रीसजवळ निर्वासितांची बोट उलटून शेकडो माणसे मेली. त्यांची बातमी आतल्या पानावर आणि पाच जणांची पहिल्या पानावर. गरिबाच्या जिवाला किंमत नाही, हेच यातून सिद्ध होत नाही का? (वाचक, भायखळा)

१४ जून २०२३ रोजी पहाटे ग्रीसच्या पिलोस शहराजवळच्या समुद्रात ‘एड्रियाना’ नावाची मासेमारी बोट उलटली. ती लिबियातून निघाली होती, तिच्यावर सुमारे साडेसातशे माणसे असावीत, त्यांतली १०४ वाचली आणि ८२ मृतदेह हाती लागले. वाचलेल्यांत एकही स्त्री नव्हती. बुडालेल्यांत पाकिस्तानी शेकड्यांनी होते, आणि पाकिस्तानने त्यांच्यासाठी राष्ट्रीय दुखवटा पाळला तेव्हा ‘टायटन’चा शोध नुकताच सुरू झालेला होता. एकाच देशातली माणसे एकाच आठवड्यात दोन समुद्रांत गेली, एक बापलेक दोन-दोन कोटींची जागा घेऊन आणि बाकीचे दलालाला कर्ज काढून दिलेल्या पैशांवर. जगाने कोणाकडे पाहिले हे तुम्ही लिहिलेच आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांनीही त्याच आठवड्यात अथेन्समध्ये या विषमतेवर बोट ठेवले होते.

तेव्हा तुमचा आरोप आम्ही फेटाळत नाही. मात्र ‘सिद्ध होते’ असे म्हणण्याआधी दोन घटना आठवाव्यात. जुलै २००६मध्ये हरियाणात बोअरवेलमध्ये पडलेल्या पाच वर्षांच्या मुलासाठी सबंध देश दोन दिवस टीव्हीसमोर बसून होता. तो मुलगा कोणा धनिकाचा नव्हता. नोव्हेंबर २०२३मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात अडकलेले ४१ जण मजूर होते आणि त्यांच्यासाठी सतरा दिवस आपण जेवताखाता बातम्या लावून ठेवल्या. तेव्हा लोक केवळ पैशाकडे पाहतात असे म्हणता येत नाही. ते पाहतात तिथे, जिथे माणूस अजून जिवंत असण्याची शक्यता आहे, अडकल्याची जागा एक आहे, आणि वेळ मोजता येतो. ‘टायटन’मध्ये ९६ तासांचा प्राणवायू आहे हे कंपनीने सांगितले आणि वाहिन्यांना उलटे धावणारे घड्याळ आयते मिळाले. ‘एड्रियाना’ची बातमी आली तेव्हा मोजायला मृतदेहच उरले होते.

परंतु येथेच तुमच्या आरोपाला खरे बळ मिळते. ‘एड्रियाना’ला घड्याळ नव्हते असे नाही. १३ जूनला दिवसभर ती बोट अडचणीत असल्याचे युरोपच्या आणि ग्रीसच्या यंत्रणांना माहीत होते, विमानांतून तिची छायाचित्रे घेतली गेली होती, जवळून गेलेल्या जहाजांनी तिला पाणीही दिले होते. ते तास कोणी पडद्यावर दाखवले नाहीत. घड्याळ लावायचे कोणासाठी, हे ठरवताना मात्र माणसाची पत, पासपोर्ट आणि गोष्टीत ‘टायटॅनिक’ आहे की नाही हे सारे पाहिले जाते.

आपल्या घरचेच पाहायचे तर १७ जुलै १९४७ रोजी, दीप अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच लागला नाही आणि कित्येकांना वाचवले ते त्या बाजूला मासेमारी करणाऱ्या कोळ्यांनी. आज गिरगाव-लालबागच्या एखाद्या शाळेत विचारले, तर ‘टायटॅनिक’ कोणत्या वर्षी बुडाली हे सांगणारी मुले निघतील. ‘रामदास’चे नाव सांगणारे निघाले, तर ते बहुधा अलिबाग किंवा मुरुडकडचे असतील. मुंबईत लोकलच्या मध्य, पश्चिम आणि हार्बर मार्गांवर मिळून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, पण ती एकेक करून, वेगवेगळ्या स्थानकांवर मरतात, म्हणून त्यांची कोणी वाट पाहत नाही. ग्रीसकडे बोट दाखवताना ही आपली बातम्यांची पाने डोळ्यांआड करता येणार नाहीत.

अमेरिकन नौदलाला पहिल्याच दिवशी स्फोटासारखा आवाज ऐकू आला होता म्हणे. मग चार दिवस आम्हांला आशेवर का ठेवले? ही जगाची फसवणूक नव्हती का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अंधेरी)

आवाज टिपला गेला होता हे खरे. नौदलाच्या पाण्याखालील ध्वनियंत्रणेत १८ जूनलाच पाणबुडी दाबाने आत चेपून फुटल्यासारखी नोंद झाली आणि ती शोधमोहिमेच्या प्रमुखांना तेव्हाच कळवली गेली. सामान्य लोकांना ते २२ तारखेला, तुकडे सापडल्यानंतर समजले. ‘टायटॅनिक’पर्यंत ३३ वेळा जाऊन आलेले चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी त्यानंतर उघडपणे सांगितले की जाणकारांच्या वर्तुळात सोमवारीच काय घडले ते उमगले होते आणि पुढचे दिवस त्यांना लांबलेल्या नाटकासारखे वाटले.

तरीही याला फसवणूक म्हणण्याआधी एक प्रसंग पाहा. वर थांबलेल्या ‘पोलर प्रिन्स’ या जहाजावर संदेशांची जबाबदारी रश यांच्या पत्नीकडे होती. तपासात पुढे आलेल्या चित्रफितीत त्या पडद्यासमोर बसलेल्या दिसतात, दार आपटावे तसा आवाज येतो आणि ‘हा कसला आवाज?’ असे त्या विचारतात. काही क्षणांतच खालून संदेश उमटतो की दोन वजने सोडली आहेत, म्हणजे सगळे ठीक चालले आहे. तो संदेश फुटण्याआधी पाठवलेला होता आणि पाण्यातून वर येऊन पडद्यावर उमटायला त्याला आवाजापेक्षा अधिक वेळ लागला. अगदी जवळ बसलेल्या, ज्यांचे माणूस खाली होते त्यांनाही तो आवाज म्हणजे काय हे कळले नाही.

दूरवरच्या यंत्राने टिपलेल्या एका नोंदीवर विसंबून शोध थांबवला असता आणि पाणबुडी कुठे अडकून पडलेली निघाली असती, तर आज हेच पत्र तुम्ही उलट बाजूने लिहिले असते. त्यात कॅनडाच्या विमानाने टाकलेल्या यंत्रांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने ठोकल्यासारखे आवाज येत असल्याची बातमी आली, ज्यांचा पाणबुडीशी संबंध नव्हता हे नंतर कळले. तळापर्यंत जाऊ शकणारे यंत्र तिथे पोहोचून खाली उतरेपर्यंत २२ तारीख उजाडली, आणि ते उतरल्यावर ‘टायटॅनिक’च्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुमारे पाचशे मीटरवर तुकडे दिसायला फार वेळ लागला नाही. शोध घेणाऱ्यांनी आशा सोडली नाही हे त्यांचे कर्तव्य होते. त्या आशेवर पट्ट्या फिरवून जाहिराती विकणाऱ्यांचा हिशेब निराळा आहे आणि तुमचा राग त्यांच्याकडे वळवावा, असे आम्ही सुचवू.

‘टायटन’मधील शेवटच्या संभाषणाचा लेखी उतारा माझ्या मेहुण्यांनी पाठवला होता, ज्यात शेवटी पाणबुडी वर आणण्याची धडपड दिसते. तो खरा आहे का? (वाचक, मुलुंड)

नाही. तो बनावट असल्याचे तपासपथकाच्या प्रमुखांनीच सांगितले आहे. खऱ्या संदेशांत घबराटीचा एकही शब्द नाही. ज्या खोलीवर सांगाडा फुटला तिथे नखाएवढ्या जागेवर सुमारे साडेतीनशे किलोंचा भार असतो, त्यामुळे मृत्यू तत्क्षणी आला, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. मेहुण्यांना हे कळवावे.

मी तीस वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होतो. या मोहिमेत अमेरिका, कॅनडा, फ्रान्स यांची जहाजे आणि विमाने कामाला लागली. हौशी लोकांच्या शोधाचा खर्च करदात्यांनी का सोसावा? (वाचक, माझगाव)

तुम्ही जहाजावर काढलेल्या वर्षांमुळे तुम्हांला हे आमच्याहून अधिक ठाऊक आहे की समुद्रात संकटात असलेल्याला मदत करणे हे जहाजाच्या कप्तानावर आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक असते आणि त्यात बुडणाऱ्याची ऐपत, नागरिकत्व किंवा शहाणपण विचारले जात नाही. अमेरिकेचे तटरक्षक दल सुटकेचे बिल पाठवत नाही, ते याच तत्त्वानुसार. बिल येईल या भीतीने उद्या एखादा मच्छीमार मदत मागायला दोन तास उशीर करील, ही त्यामागची साधी व्यावहारिक भीती आहे. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात ‘पी-३०५’ ही तराफा-नौका बुडाली. वादळाचा इशारा आधीच मिळालेला असताना २६१ माणसे तिच्यावर का राहिली, हा प्रश्न नौदलाच्या जहाजांनी त्या रात्री विचारला नाही. त्यांनी माणसे बाहेर काढली. सत्तरहून अधिक माणसे तरीही गेली आणि प्रश्न मग विचारले गेले.

पैसे वसूल करायचे तर ते पाण्यात उतरण्याआधी करावेत, हे आमचे मत आहे. ज्याला माणसे खोल समुद्रात न्यायची आहेत त्याने आधी विमा उतरवावा आणि नौकेचे प्रमाणपत्र दाखवावे. ‘टायटन’ने दुसरी अट मुळातच टाळली. कोणत्याही मान्यताप्राप्त वर्गीकरण संस्थेकडून, म्हणजे नौकांची बांधणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून, तिची तपासणी झालेली नव्हती आणि प्रवाशांना कागदोपत्री ‘मोहीम-तज्ज्ञ’ म्हटले, की प्रवासी नौकांचे नियम लागू होत नाहीत, अशी पळवाट काढलेली होती. २०१८मध्ये कंपनीच्याच सागरी विभागाच्या प्रमुखाने सांगाड्याबद्दल लेखी शंका घेतल्या आणि त्याला काढून टाकले गेले. त्याने सरकारी यंत्रणेकडे तक्रार नेली, पण ती तडीस गेली नाही. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीन डझनहून अधिक जाणकारांनी, हा प्रयोग अपघाताकडे नेईल असा इशारा देणारे पत्र तयार केले होते. अपघात टाळता येण्याजोगा होता, असे अहवाल म्हणतो तो या साऱ्यामुळे. करदात्याने विचारावे असे काही असेल, तर ते हे की आपल्या पगारावर बसलेल्या माणसांनी ती तक्रार बाजूला का ठेवली.

सिंधुदुर्गात निवतीजवळ पाणबुडी-पर्यटन सुरू करण्याची योजना आहे. ‘टायटन’नंतर अशा गोष्टींवर बंदी यायला हवी होती, असे माझ्या घरी सगळ्यांचे म्हणणे आहे. मला मात्र मुलांना घेऊन जायची इच्छा आहे. (वाचक, कुलाबा)

घरच्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. पर्यटकांना प्रवाळ आणि मासे दाखवणाऱ्या पाणबुड्या सहसा तीस-चाळीस मीटरांपलीकडे जात नाहीत आणि हवाईसारख्या ठिकाणी त्या अनेक दशके चालू आहेत. तीस मीटरवरचा दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, ‘टायटॅनिक’पाशी तो पावणेचारशे पटींहून अधिक असतो. शिवाय खोल जाणेही मुळात वेडेपणाचे नाही. नार्जोले पूर्वी ज्या ‘नॉटिल’ या फ्रेंच पाणबुडीतून ‘टायटॅनिक’वर जात असत ती १९८४पासून सेवेत आहे, आणि ऑगस्ट २०२५मध्ये खोल समुद्रात माणूस पाठवण्याच्या आपल्या समुद्रयान मोहिमेतल्या दोघा भारतीयांनी तिच्यातूनच अटलांटिकमध्ये बुडी मारली, एकाने ५,००० मीटरपर्यंत. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेत घडवली जाणारी ‘मत्स्य ६०००’ तिघांना सहा हजार मीटर खाली नेण्यासाठी आहे. तिची माणसांची कुपी २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियम मिश्रधातूचा गोल आहे आणि तिची तपासणी बाहेरच्या वर्गीकरण संस्थेकडून करून घेण्याचे ठरलेले आहे. ती संशोधनासाठी आहे, सहलीसाठी नव्हे.

निवतीला बोलावणे येईल तेव्हा तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी विचारा. पाणबुडीला कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे आणि त्याची मुदत कधी संपते? ती अडकली तर वर आणायला जवळ कोण आहे? आणि सही करायला दिलेल्या कागदावर काय लिहिले आहे? ‘टायटन’च्या कागदावर मृत्यूचा उल्लेख पहिल्याच पानावर होता आणि लोकांनी तो वाचून सही केली होती. हेच प्रश्न गेटवेवरून घारापुरीला जातानाही विचारता येतात. डिसेंबर २०२४मध्ये नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून तिथली प्रवासी बोट बुडाली, तेव्हा बोटीवर क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि लाइफ जॅकेट अंगावर असलेले फारच थोडे होते. त्यानंतर जॅकेट सक्तीचे झाले आहे. ते मुलांच्या मापाचे मागून घ्या, मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते.